ठाणे खाडीतले पक्षी टिपताना: आधी तिथी, मग लेन्स

ठाणे खाडीवर कॅमेरा घेऊन यायचं म्हटलं की पहिला प्रश्न लेन्सचा निघतो. चारशे मिलिमीटरची पुरेल का, सहाशेचीच घ्यावी का? ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) मागे हटणाऱ्या पाण्याबरोबर आत आत सरकतात आणि मग सहाशेतही गुलाबी ठिपकेच येतात. तेच पक्षी चढतं पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतं, तेव्हा चारशे भरपूर होते. त्यामुळे आधी बघायचं ते पंचांग.

कोकणात कोळ्यांच्या घरी पाठ असलेला हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्थीला तीन. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत हेच. पौर्णिमेला या हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण मुंबईत भरती प्रत्यक्षात बाराच्या आसपास असते. म्हणजे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. मात्र तक्ता बहुधा गेटवेजवळच्या अपोलो बंदराचा असतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. आपल्या नेहमीच्या जागेवर किती उशीर होतो, ते एकदा घड्याळ लावून बघितलं की कायमचं कळतं.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि सगळा चिखल झाकून तिवरांत शिरतं. अष्टमीनंतर भांग असते. तेव्हा भरती तीन-सव्वातीन मीटरवर अडते, कडेचा पट्टा कोरडाच राहतो आणि पक्षी तुमच्याकडे यायचं कारणच उरत नाही. वेळ अगदी जमलेली असूनही हात हलवत परतावं लागतं, ते बहुतेक भांगेमुळे.

आता ऊन. खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे. शिवडी, भांडुप, मुलुंड हा पश्चिम किनारा. इथून तुम्ही पूर्वेकडे बघता, त्यामुळे सकाळी सूर्य थेट लेन्समध्ये येतो. ऐरोली, वाशी, नेरूळ हा पूर्व किनारा. इथे सकाळचं ऊन पाठीवर असतं. म्हणून पूर्व किनाऱ्यावर सकाळी आणि पश्चिम किनाऱ्यावर दुपारनंतर, हा नियम मोडू नये. शिवडीला पहाटे पोचून सगळे पक्षी काळे आले अशी तक्रार करणारे दरवर्षी भेटतात.

दोन्ही गोष्टी जोडल्या की दिवस आपोआप ठरतात. पूर्व किनाऱ्यासाठी द्वादशी-त्रयोदशी: भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, म्हणजे सात ते नऊ कोवळ्या उन्हात पाणी चढत असतं. भांग सरलेली असते, त्यामुळे उंचीही बरी मिळते. पश्चिम किनाऱ्यासाठी चतुर्थी-पंचमी: भरती तीन ते सव्वाचार, त्याआधी पक्षी जवळ येतात आणि पाणी उतरू लागलं की संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात पुन्हा कडेच्या चिखलावर चरायला उतरतात. रविवार आणि द्वादशी एकत्र आली तर लग्नाचं आमंत्रणही टाळावं.

उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला चिखल शिल्लकच नसतो. मग हे सगळे पक्षी जातात कुठे? भांडुपची मिठागरं, नेरूळचं डीपीएस शाळेजवळचं तळं, टी. एस. चाणक्य या नौका-प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातली पाणथळ, उरणच्या बाजूला पाणजे. अशा उथळ पाण्यात एका पायावर उभं राहून ते पाणी उतरायची वाट बघतात. पक्षी इथे सर्वांत जवळ मिळतात, फक्त ऊन डोक्यावर असतं. डिसेंबरात ते तितकं वाईट नसतं, कारण भर दुपारीही मुंबईत सूर्य ५० अंशांच्या वर चढत नाही. मार्चच्या शेवटी तोच ७१ अंशांच्या पुढे जातो आणि रोहितांच्या पोटाखाली काळी सावली पडते. म्हणून मिठागरं डिसेंबर-जानेवारीत करावीत आणि उन्हाळ्यात खाडीची कड धरावी. रोहित मेपर्यंत तरी असतातच.

ऐरोलीच्या वनखात्याच्या केंद्रातून बोट सुटते, तीही भरतीच्या वेळा पाळूनच. खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून) मिळाला. त्यामुळे बोट, ड्रोन, प्रवेश या सगळ्यांवर नियम आहेत. जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि ड्रोन घरीच ठेवावा. बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. कोपर बोटीच्या काठावर टेकवलं तर इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते, म्हणून कॅमेरा हातातच धरावा आणि शटर १/२००० सेकंदाहून मंद करू नये.

लेन्स चांगली, शटर वेगवान, फोकस डोळ्यावर, तरी पिसं लोण्यासारखी आली, तर दोष हवेचा आहे. ऊन चढलं की उघड्या चिखलावरून आणि मिठागरांच्या बांधांवरून गरम हवा उठते, आणि लांब लेन्स तोच थर दाबून दाखवते. शटर वाढवून हे सुटत नाही, ट्रायपॉडनेही नाही. पडद्यावर चित्र मोठं करून पक्ष्याची कड बघा. ती उकळत असेल तर दूरचे फोटो सोडून द्या आणि वीस-तीस मीटरमधलं काही शोधा. साडेनऊनंतर बहुतेक दिवशी हीच वेळ येते.

एक्स्पोजर हाताने ठरवावं, म्हणजे मॅन्युअल. रोहित काळपट चिखलावर उभा असतो तेव्हा कॅमेरा चिखल बघून चित्र उजळतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो. तोच पक्षी उडून आभाळासमोर आला की कॅमेरा उलट घाबरतो आणि पक्षी काळवंडतो. पक्ष्यावरचं ऊन मात्र दोन्ही वेळी तेच असतं. उन्हातल्या पांढऱ्या पिसांवर एकदा आकडे बसवा, जळलेला भाग लुकलुकतो ती सूचना चालू ठेवा आणि ढग येईपर्यंत आकड्यांना हात लावू नका. सुरुवातीला आयएसओ ४००, एफ ७.१, १/१६००, तिथून खाली-वर करा. रोहितांच्या उड्डाणाला एवढं पुरतं, पण स्टिंट किंवा सँडपायपर अशा छोट्या किनारपक्ष्यांचा थवा वळताना १/२५०० लागतं. थव्यात एफ ८ ठेवा, नाहीतर दोनच पक्षी स्पष्ट येतात.

उभं राहून घेतलेला फोटो म्हणजे चिखलाचा फोटो, त्यात एक पक्षी. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आली पाहिजे. पण त्यासाठी चिखलात उतरू नका. खाडीचा चिखल मांडीपर्यंत, काही ठिकाणी कमरेपर्यंत घेतो आणि भरती कोणासाठी थांबत नाही. मिठागराच्या बांधावर ताडपत्री टाकून पालथं पडावं. लेन्सखाली अर्धी भरलेली तांदळाची पिशवी पुरते. गच्च भरली तर लेन्स तिच्यात बसत नाही. ओल्या जागी जुन्या ॲल्युमिनियमच्या परातीत पिशवी ठेवून परात सरकवत न्यावी, चिखलावर ती रुतत नाही. चुकून पाय अडकलाच तर झटका देऊ नका. मागे बसा, वजन पसरा आणि टाच हलवत हवा शिरू द्या, पाय सावकाश सुटतो.

पक्षी जवळ हवा असेल तर पाणी चढायच्या आधीच जागेवर जाऊन पडून राहणं हाच मार्ग. पक्षी आल्यावर त्यांच्याकडे सरकत गेलात तर ते सांगतात: आधी चरणं थांबतं, माना वर होतात, मग सगळे एकाच दिशेने चालू लागतात. माना वर झाल्या की तिथेच थांबायचं. उडवलेल्या थव्याचा फोटो दिसतो भारी, पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हे पक्षी उत्तरेच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. भरतीच्या विसाव्याला तर अजिबात उठवू नये, कारण तेव्हा त्यांना दुसरीकडे उतरायला जागाच नसते.

फोटो ओळखीसाठी हवा असेल तर सुंदर नसला तरी चालेल. हिवाळ्यात हे सगळे छोटे किनारपक्षी मातकटच दिसतात. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळसर. पायांना चिखल लागलेला असेल तर धुतलेल्या पायांचा फोटो मिळेपर्यंत थांबा. कर्ल्यू सँडपायपरची शेपटीवरची पांढरी कंबर आणि ब्लॅक-टेल्ड गॉडविटचा पंखावरचा पांढरा पट्टा उडतानाच दिसतो, म्हणून पक्षी आपणहून उडाला तर बोट शटरवरून काढू नका. छोट्या रोहिताची चोच गडद किरमिजी, दुरून काळीच वाटणारी. मोठ्याची फिकट गुलाबी, टोक काळं. एप्रिलमध्ये कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल होऊ लागतो, तेवढ्यासाठी तरी उन्हात यावं. पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसलं तर अक्षरं वाचता येतील असा फोटो घेऊन तारीख-ठिकाणासह बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पाठवा.

पूर्ण ओहोटीला पक्षी लांब गेले की निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) आणि एका मोठ्या नांगीचे खेकडे उरतात. जेटीच्या पायरीवर दहा मिनिटं न हलता बसलं की बिळांतून बाहेर येतात. आपली सावली बिळांवर पडली तर मात्र येत नाहीत. मिठागरांच्या बांधावर पहाटे कोल्हा दिसला तर फोटो जरूर टाका, बिळाची जागा सांगू नका.

घरी पोचल्यावर आधी ट्रायपॉड. खालच्या नळ्या पूर्ण सोडवून गोड्या पाण्यात धुवा, कुलुपांच्या आट्यांतला चिखल जुन्या टूथब्रशने काढा आणि रात्रभर उघड्या वाळू द्या. तशाच मिटवल्या तर आठवड्याभरात मीठ धरतं आणि कुलूप फिरेनासं होतं. कॅमेऱ्यावर पाणी ओतायचं नाही. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या. लेन्सच्या काचेला मात्र आधी फुंकणीने वारा द्या, कारण वाळलेल्या मिठाचे कण पुसताना काच ओरखडतात. तांदळाची पिशवी उन्हात टाका, नाहीतर पुढच्या द्वादशीपर्यंत तिला कीड लागलेली असेल.