पाणचक्की बघायची तर नहरीपासून

ठाण्याहून सकाळची तपोवन पकडली की दुपारी छत्रपती संभाजीनगर. रिक्षाने खाम नदीकाठी, महमूद दरवाजाशी उतरलो. मकबरा उरकून आलेली मंडळी इथे चाकाचा फोटो काढून लगेच निघतात. घाई करू नका.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की तुर्कताज खान या सरदाराने १७४४ च्या सुमारास बांधवली. फकीर, यात्रेकरू आणि सैनिक यांच्यासाठी इथे दळण व्हायचं.

आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीतला पट्टा, मोटर इथे काहीच नाही. खाली लोखंडी पात्यांचं आडवं चाक. त्याचा उभा दांडा खालच्या तळीच्या (तळी म्हणजे दळणाचा गोल दगड) भोकातून वर येतो आणि वरची तळी फिरवतो. खालची जागची हलत नाही. मधे दातेरी चाकं नाहीत, म्हणून चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. दाणे कमी वैरले तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. दगडाची टाकी, म्हणजे छिन्नीने पाडलेले खाचे, बोथट झाली की दाणा कापला न जाता चुरडतो, पीठ गरम निघतं. दोन दगडांमधलं अंतर दांडा किंचित उचलून जमवायचं.

खरी करामत पाण्याची. हर्सूलच्या बाजूच्या विहिरीतून कित्येक किलोमीटर खापरी नळांच्या वाटेने, म्हणजे नहरीने, ते येतं, उंच भिंतीवर चढतं आणि तिथून कोसळतं. हिशेब साधा: सेकंदाला १० लिटर पाणी ५ मीटरवरून पडलं तर जेमतेम ४९० वॅट, त्यातलंही बरंच वाया जातं. घरगुती गिरणीची एक अश्वशक्तीची मोटर ७४६ वॅटची. म्हणजे धार थोडी बारीक झाली तरी तळी अडते. आणि धार बारीक होते ती वाटेत: झाडांची मुळं सांध्यांत शिरतात, गाळ बसतो, रस्ता खणताना नळ फुटतो, उंचवट्यावर हवा कोंडते. नहरींच्या वाटेवरचे उभे मनोरे हवा सोडायला आणि दाब आवरायला असतात. लोक ते निरुपयोगी खांब समजून पाडतात, याचा फार राग येतो. नुसतं चाक रंगवून पाणचक्की जपली जात नाही.

मशिदीपुढच्या लांबट हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. तिथे गळती दिसली की सिमेंट फासायचा मोह होतो, पण सिमेंट ओल कोंडतं आणि जुना चुना सुटून येतो. डागडुजी चुना-सुरखीचीच (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) हवी.

जायचं तर पावसाळा सरता सरता जा. उन्हाळ्यात धारेचा भरवसा नाही.