दसऱ्यानंतरचं मोजमाप: तिघी वाढल्या, तिघी अडकल्या

जुलैत ऐटीत लिहून बसलो होतो की यंदा माझ्या सहाच्या सहा वगारी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण म्हशी, नुसत्या गवतावर पावसाळा काढतील आणि दसऱ्यानंतर टेप लावताना मी मिशीला पीळ देईन. पीळ अर्धाच बसला.

15 ऑगस्ट ते 14 ऑक्टोबर, बरोबर साठ दिवस. नकटी 27 किलो वाढली, कोसली 24, चांदी 22. म्हणजे दिवसाला चारशे ग्रॅमच्या आसपास, तेही पेंडीचा दाणा न दाखवता. आता उरलेल्या तिघी. गुजरी 6, मोरी 4 आणि भुरी उणे 3. सहाही जणी मे महिन्यात वडगावच्या बाजारातून घेतलेल्या, एकाच वयाच्या, एकाच पडावर, म्हणजे पडीक रानात चरणाऱ्या.

पहिला संशय टेपवर घेतला. टेपनं वजन काढायचं ते असं: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 10,840, सगळं सेंटीमीटरमध्ये. मोरीचा घेर 142, लांबी 108, उत्तर 201 किलो. घेर 144 धरला तर तेच उत्तर 207 होतं. दोन सेंटीमीटरला सहा किलो! म्हणजे गुजरी-मोरीची वाढ ही वाढच नाही, टेप जरा सैल धरल्याचा गुण. ऑनलाइन मागवलेला ‘गुरांच्या वजनाचा टेप’ तर मी कधीच अडगळीत टाकलाय. त्यावरचे आकडे परदेशी गायींच्या हिशेबाचे, आणि तो ओढला की इलॅस्टिकसारखा ताणतो. शिंप्याचा फायबरचा टेप बरा, फक्त 150 सेंटीमीटरलाच संपतो. नकटीला तो ऑगस्टात पुरला होता, आता दोन बोटं कमी पडतो. एवढा आनंद या महिन्यात दुसऱ्या कशाचा झाला नाही.

उसाच्या काट्यावर नेऊन बघा असं दोघांनी सुचवलं होतं. नेलं. काटा वीस-वीस किलोनं सरकतो. ट्रॉलीसाठी ठीक, वगारीसाठी नाही. वर मोरी काट्यावरून उतरेना, मागे ट्रॅक्टरांची रांग लागली.

तीन-तीनदा मोजूनही तिघी मागेच. मग ठरवलं, विकायच्या. व्यापारी आला, भुरीच्या पाठीवरून हात फिरवला, भाव सांगायला टॉवेलखाली माझी बोटं धरली. तेवीस हजार. मी घेतली एकतीसला. ‘कातडं बघा की मालक, केस उभं हाईत.’ ते मलाही दिसत होतं. नकटी, कोसली, चांदीचं अंग तेल लावल्यासारखं काळंभोर, आणि हिच्यावर तांबूस, राठ केस. आठ हजारांचा खड्डा सोसण्याआधी एक रविवार मागून घेतला.

दुसरा विचार आला तो गोठ्यात बांधून खुराक द्यायचा. दीड किलो सरकी पेंड, मला किलोला चाळीस रुपये पडते. दिवसाला साठ, नव्वद दिवसांचे 5,400, तिघींचे सोळा हजार दोनशे. पण कारण न कळता पेंड ओतणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं.

जंत? ऑगस्टात सगळ्यांचं शेण तालुक्याच्या दवाखान्यात तपासलं होतं, निरंक आलं होतं. तो कागद मी खिशातून काढून सगळ्यांना दाखवत होतो. आता हसू येतं.

उलगडा केला तो तात्यांनी. हे आमचे गुराखी, टेप-बिप काही मानत नाहीत. शनिवारी मुद्दाम गुरांकडे मुक्कामाला गेलो. सांजच्याला गुरं परतताना ते म्हणाले, ‘दादा, भुरीची हनुवटी बघा.’ जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज. बोटानं दाबली तर खळगा पडला आणि तसाच राहिला. मी दर रविवारी सकाळी जातो. रात्रभर मान वर असल्यानं ती सूज सकाळपर्यंत ओसरलेली असते. दिवसभर मान खाली घालून चरलं की पाणी पुन्हा उतरतं. चार महिने मी चुकीच्या वेळी जनावर बघत होतो! पापणी उलटून बघितली तर आतून कागदासारखी पांढरी.

सोमवारी ताजं शेण घेऊन पुन्हा दवाखान्यात. या वेळी डॉक्टरांनी मलाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पिवळसर सोनेरी, लांबट अंडी, एका टोकाला झाकण. लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा कृमी. तिघींमध्ये सापडला, नकटीच्या टोळीत नाही. मग ऑगस्टचा कागद? तो खोटा नव्हता, माझी घाई होती. कृमी पोटात गेल्यावर यकृत पोखरत पित्तनळीत पोचून अंडी घालायला लागेपर्यंत तीन-चार महिने जातात. जूनला लागण झाली असेल तर ऑगस्टच्या शेणात दिसणार काय?

आणि तिघींनाच का? याचं उत्तर तात्यांकडे आधीपासून होतं, मी विचारलंच नव्हतं. ‘नकटी हाळावर कुणाला येऊ देत न्हाई. ह्या तिघी वड्याला जात्यात, पाऊस असो का नसो.’ हाळ म्हणजे गुरांचं पाणी प्यायचं टाकं. ओढ्याच्या काठी चिबड आहे, म्हणजे सदा पाणी धरणारी दलदल, तिचा हिरवागार फोटो मी मागे कौतुकानं टाकला होता. तिथंच. बारक्या गोगलगायी तिथं बोटभर पाण्यात चिकटलेल्या असतात. कृमी आधी त्यांच्यात वाढतो, मग बाहेर पडून पाण्यालगतच्या गवताला पुटकुळीसारखा चिकटून बसतो. वगार ते हिरवं लुसलुशीत गवत बुडापासून ओरबाडते. वर माझं शहाणपण असं की गुरांनी चाटायची खनिजाची वीट टांगली ती हाळाच्याच खांबाला. म्हणजे तिघींना पाणीही नाही आणि वीटही नाही. मोरी गोठ्याची भिंत चाटत होती, ते मी लाड समजत होतो.

20 ऑक्टोबरला औषध पाजलं, ऑक्सिक्लोझानाइड, डॉक्टरांनी वजनावर काढून दिलेल्या मात्रेत. टेपचा पहिला खरा उपयोग हा झाला. याआधी दुकानदाराच्या सांगण्यावरून ‘एका जनावराला एक गोळी’ असा हिशेब चालायचा. त्या दुकानाबद्दल एवढंच म्हणतो की माशी पडली तरी तिथं टॉनिकच विकतात. हे औषध मोठे कृमी मारतं, यकृतात फिरणारी पिलं त्यातून वाचतात, म्हणून डिसेंबरच्या मध्यात दुसरी मात्रा. पिलंही मारणारं ट्रायक्लाबेंडाझोल आमच्या पेठेत मिळालं नाही.

आज वीस दिवस झाले. पाडव्याला गल्लीतल्या म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून निघाल्या, तेव्हा माझ्या पोरानं भुरीच्या शिंगालाही रंग लावला. संध्याकाळी मुद्दाम हनुवटीखाली हात घातला. कोरडी कातडी, सूज नाही. शेणही आता पो पडण्यासारखं, आधीसारखं पिचकारी नाही.

ओढ्यात मोरचूद टाका, गोगलगायी मरतील, असा एक सल्ला आला. मरतील, पण मासेही मरतील, आणि खाली दोन वस्त्या तेच पाणी वापरतात. त्यापेक्षा चिबडाला काटेरी तार. दोनशे फूट पुरेल असं वाटत होतं, पण काल पावलांनी मोजलं तर तीनशे चाळीस भरलं. हे लिहिता लिहिताच सुचतंय, तारेच्या आत बदकं सोडली तर? गोगलगायी हे त्यांचं आवडतं खाणं. कोल्हं आणि भटकी कुत्री यांचा बंदोबस्त कसा करायचा हे ज्यांनी बदकं पाळलीत त्यांनी सांगा. तोवर तार निम्मीच आणतो.

दुसरा हाळ मात्र पक्का. सिमेंटची अर्धी पाइप वरच्या बांधाला, पहिल्या हाळापासून इतकी दूर की नकटीला दोन्हीकडे पहारा देता येऊ नये. त्या खांबालाही वीट.

विक्रीचं म्हणाल तर गुजरी आणि मोरी ठेवतोय. नवरात्रानंतर पडावरचं गवत वाळून काडी झालंय, प्रथिनं उरली नाहीत, म्हणून सहाही जणींना आता किलोभर पेंड चालू केली. नकटीच्या टोळीलाही, नाहीतर पुढच्या मोजणीला मीच माझा हिशेब बिघडवायचो. भुरीचं अजून ठरत नाही. पोखरलेलं यकृत किती भरून येतं, त्यावर आहे. पोरगा म्हणतो, रंगवलेली वगार कुणी विकतं का. व्यापाऱ्याचा कालच फोन आला, पंचवीसवर आलाय. त्याला आजार सांगितला, तर म्हणाला, ‘मग बावीस.’

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा टेप. या वेळी संध्याकाळी.