हापसा कुठे घ्यायचा?

आमच्या गावचा हापसा मारुतीच्या देवळासमोर होता. दांडा खाली ओढायला माझं वजन पुरायचं नाही, म्हणून मी त्यावर पोट टाकून लोंबकळायचो. दांडा वर गेला की मीही वर, पाय हवेत. दहा-बारा हापसे रिकामे जायचे, आतली साखळी करकरायची, मग तोटीतून आधी नुसती हवा आणि मागून पाणी. त्याला लोखंडाचा वास असायचा. फिल्टरचं पाणी मला अजूनही अळणी लागतं ते त्यामुळेच.

पाण्याला नंबर लागायचे. शेवटी कोण उभं असायचं हे मला पाठ होतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया. त्यांच्या घागरी ओट्याखाली, जरा लांब. का, ते कधी विचारलं नाही. पोरांना दांड्याशी मतलब.

पुढे बऱ्याच वर्षांनी जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याबद्दल वाचलं, आणि हा हापसा डोक्यात परत करकरू लागला.

दोघं वेल्लोरला डॉक्टर झालेले. नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना एक गोष्ट खुपली : बरा करून घरी पाठवलेला माणूस तोच आजार घेऊन परत येतो. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली थेट जामखेडला आले. जामखेड म्हणजे कायमचा दुष्काळी तालुका. अहिल्यादेवींची चौंडी याच तालुक्यातली. देशभर विहिरी-बारवा बांधणाऱ्या बाईचं माहेर, आणि तिथेच पाण्याची मारामार! डॉक्टर आले म्हटल्यावर लोक औषधं मागतील असं आपल्याला वाटतं. लोकांनी मागितलं धान्य आणि पाणी.

दुष्काळाच्या त्या वर्षांत गावोगाव बोअर घ्यायची वेळ आली. आरोळ्यांनी पाणी शोधणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाला गाठलं आणि सांगितलं, जागा दलित वस्तीत बघा. पाणी तिथेच लागलं, असं गावाला कळलं. मग बाकीच्या आळ्यांतल्या बायांनी घागरी उचलल्या आणि तिकडे गेल्या. भाषण नाही, मोर्चा नाही. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं बांधून सगळ्या जातींच्या पोरांना एका संघात खेळवायचं, हीही त्यांचीच युक्ती. मला हा थोडा लबाडपणा फार आवडतो. सरळ मार्गाने समजावत बसले असते तर अजून समजावतच असते.

हापशाचंही एक सांगायला हवं. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप परदेशी घरगुती नमुन्यावर बेतलेले, म्हणजे एका कुटुंबापुरते. इथे दांड्याला अख्खं गाव. मोडायचेच. ते सुधारले जालना आणि सोलापूरकडच्या मिशनच्या लोकांनी, आणि त्यातूनच पुढे जगभर गेलेला इंडिया मार्क टू पंप घडला. जामखेड या दोन गावांच्या मध्येच कुठेतरी पडतं.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं : गावातल्याच बायांना, त्यातही कितीतरी निरक्षर, दलित बायांना आरोग्य शिकवून उभं करणं, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार, परदेशातून जामखेडला शिकायला येणारी माणसं. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम अजून चालू आहे. पुरस्काराची तारीख लक्षात ठेवायला सोपी. पण बोअरचं यंत्र कुठल्या वळणावर थांबवायचं, हे ज्याने ठरवलं त्याची पाटी हापशावर लागत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो. घरोघर नळ आलेत. देवळासमोरच्या हापशाचा दांडा कुणीतरी काढून नेलाय. उरलेल्या खांबाला शेळी बांधलेली होती. संध्याकाळी आई लसूण सोलत बसली होती. तिला आरोळ्यांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, आपला हापसा ओढ्यापलीकडं घेतला असता तर?

"गेलो असतो की," आई म्हणाली. "चार दिवस नाकं मुरडली असती, मग गेलो असतो. पाण्यावाचून काय भाकरी थापता येती?"

दोन पाकळ्या सोलून झाल्या.

"सरूबाई यायची बघ तिकडनं," ती म्हणाली. "भरली घागर घेऊन ओढा चढायची. पोटुशी होती तेव्हाबी."