स्प्लिंटर, कृत्रिम पाय आणि क्रिएटिनिन : माजी सैनिकांचा सीटी करताना

पुण्यात सीटीच्या कन्सोलवर बसणाऱ्याला माजी सैनिक पेशंट रोजचा असतो. सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून इथेच आहे, खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, वानवडीला कमांड हॉस्पिटल आहे. शिवाय २००३ साली ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना सुरू झाल्यापासून साताऱ्या-नगरकडचे निवृत्त जवान आणि सुभेदार पॉलिक्लिनिकचं रेफरल घेऊन शहरातल्या पॅनेलवरच्या रुग्णालयांत येतात. रेफरलवर एवढंच लिहिलेलं असतं : ‘सीईसीटी अ‍ॅब्डोमेन’. म्हणजे शिरेतून डाय (अवयव आणि रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) देऊन पोटाचा सीटी. अंगात कुठे धातू राहिलाय, पाय कुठून कापलाय, कानाने किती ऐकू येतं, हे त्या कागदावर नसतं. स्कॅन नीट होणार की पुन्हा करावा लागणार, हे मात्र त्यावरच ठरतं. म्हणून अशा पेशंटचं अर्धं काम टेबलावर घेण्याआधीच करायचं असतं.

पहिली अडचण प्रश्न विचारण्याची. “काही त्रास?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “काही नाही, सगळं ठीक आहे.” आयुष्यभर दुखणं अंगावर काढायची सवय असलेला माणूस मोघम प्रश्नाला हेच सांगणार. म्हणून नेमकं विचारायचं. सुभेदार साहेब, कधी गोळी किंवा स्प्लिंटर (स्फोटात उडालेला धातूचा तुकडा) लागला होता? सगळे तुकडे काढले की काही आत ठेवले? कुठलं हाड प्लेट घालून जोडलंय? पेसमेकर आहे? आधी कधी डाय दिला होता, तेव्हा अंगावर गांधी उठल्या होत्या? कोरोनरी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी) असेल तर आणखी एक प्रश्न घरच्यांना बाहेर बसवून, हळू आवाजात विचारायचा : लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची गोळी घेतलीय का? सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास या स्कॅनआधी रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली देतात ते नायट्रोग्लिसरीन देता येत नाही, बीपी धाडकन खाली येतं. काकूंसमोर याचं खरं उत्तर मिळत नाही.

जुन्या फिल्म आणायला अपॉइंटमेंट देतानाच सांगावं. बदल्यांच्या नोकरीत उधमपूर, लखनौ, जोधपूर अशा ठिकाणी काढलेले एक्स-रे पुष्कळदा घरच्या ट्रंकेत गुंडाळून ठेवलेले सापडतात. वीस वर्षांपूर्वीच्या एका एक्स-रेवरून सगळ्या स्प्लिंटरच्या जागा आधीच कळतात.

आता क्रिएटिनिन. डाय मूत्रपिंडातून बाहेर जातो, म्हणून आधी रक्तातल्या या आकड्यावरून मूत्रपिंडाचं काम बघतात. इथे जरा थांबायला हवं, कारण ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमधून. ज्याचे दोन्ही पाय मांडीतून गेलेत, किंवा कमरेखाली वीस वर्षं हालचाल नसल्याने ज्याचे पाय वाळलेत, त्याच्या अंगात स्नायूच कमी. त्याचं क्रिएटिनिन ०.७ आलं तर लॅबचं सूत्र ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा अंदाज) ९० च्या वर दाखवतं आणि कागद बघणारा निर्धास्त होतो. ते सूत्र वय आणि लिंग धरतं, पाय आहेत की नाहीत हे त्याला माहीत नसतं. त्यात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या पेशंटला लघवीचे संसर्ग आणि खडे वारंवार होतात, म्हणजे मूत्रपिंड बिघडण्याची शक्यता मुळातच जास्त. आकडा नेमका त्यांच्याच बाबतीत फसवा निघतो.

यावर तीन गोष्टी करता येतात. फॉर्मवर क्रिएटिनिनच्या शेजारीच ‘उजवा पाय गुडघ्यावरून नाही’ किंवा ‘पॅराप्लेजिया’ असं ठळक लिहायचं आणि रेडिऑलॉजिस्टला तोंडीही सांगायचं. जुने रिपोर्ट मागून आकडा कसा बदलत गेला ते पाहायचं. ०.५ वरून ०.९ झालं तर दोन्ही ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतात, पण त्या माणसापुरतं ते दुपटीच्या जवळ गेलेलं असतं. आणि शंका असेल, तपासणी तातडीची नसेल, तर सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडासाठीची दुसरी रक्ततपासणी) करून घ्यायला सुचवायचं, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. खरा ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर डाय द्यायचा का, हा निर्णय डॉक्टरांचा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर अशा पेशंटला ती थांबवून ४८ तासांनी, क्रिएटिनिन पुन्हा पाहूनच सुरू करतात.

वजन कृत्रिम पाय काढूनच करायचं. पायासकट काट्यावर उभं केलं तर त्या पायाचंही वजन डायच्या हिशोबात येतं. उभं राहता येत नसेल तर व्हीलचेअरसकट वजन घेऊन खुर्चीचं वजा करायचं. पोटाच्या स्कॅनला ३५० तीव्रतेचा (एका मिलीत ३५० मिग्रॅ आयोडीन असलेला) डाय साधारण किलोमागे १.२ ते १.५ मिली लागतो. ६० किलोच्या माणसाला १.२ ने ७२ मिली. सेकंदाला ३ मिलीने द्यायचा आणि इंजेक्शन सुरू झाल्यापासून ६५ ते ७० सेकंदांनी पोर्टल व्हेनस फेज (डाय यकृताच्या शिरांत पोहोचतो तेव्हाचं चित्र) घ्यायची. डाय वॉर्मरमध्ये ३७ अंशांवर ठेवलेला असावा. थंड डाय घट्ट असतो, इंजेक्टरचं प्रेशर वाढतं आणि बारीक शिरेत तेवढ्यावरच गडबड होते.

कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) अँजिओसाठी शक्यतो हिरवी १८ नंबरची, नाहीतर गुलाबी २० ची, कोपराच्या पुढच्या शिरेत. हाताच्या पाठीवर लावलेली निळी २२ ची सेकंदाला ४-५ मिलीच्या वेगासाठी घेऊ नये. काही पेशंटना एकच हात असतो किंवा हातावर भाजल्याचे व्रण असतात, त्यांना आल्याबरोबर शीर शोधायला घ्यावी, शेवटच्या पाच मिनिटांत नाही. आधी सलाइनचा टेस्ट शॉट, १५-२० मिली, डाय ज्या वेगाने जाणार त्याच वेगाने. या वेळी बोट शिरेवर ठेवून जवळ उभं राहायचं. त्वचा फुगतेय का, गार लागतेय का, हे बोटालाच कळतं. एरवी पेशंट ओरडतो म्हणून डाय बाहेर गेल्याचं समजतं. इथे तो दात दाबून गप्प पडून राहतो आणि ५० मिली दंडात साठल्यावर सूज दिसते. तसं झालंच तर इंजेक्टर लगेच बंद करायचा, हात उंच, थंड शेक, डॉक्टरांना कळवायचं आणि बोटांची संवेदना व हालचाल तपासत राहायची. डाय गेल्यावर अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, हे आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर वयस्कर माणूस संकोचाने नेमक्या त्या क्षणी हलतो.

धातूचं म्हणाल तर स्काउट (स्कॅनआधीचं एक्स-रेसारखं चित्र) समोरून आणि बाजूने, दोन्ही घ्यावा आणि स्कॅन चालू करण्याआधी अर्धा मिनिट नुसता बघावा. पट्ट्याचं बक्कल, गळ्यातली साखळी, खिशातली किल्ली तर दिसतेच, पण खरं बघायचं ते स्प्लिंटर आणि इम्प्लांट. धातू इतके किरण अडवतो की मागच्या डिटेक्टरपर्यंत जवळजवळ काही पोहोचत नाही, जे पोहोचतात ते फक्त जास्त ऊर्जेचे, आणि चित्रात काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात. ट्यूबचा व्होल्टेज १४० केव्हीवर नेला, पिच (टेबल सरकण्याचा वेग) कमी केला, कोलिमेशन (किरणांच्या पट्टीची रुंदी) बारीक ठेवलं तर रेघा कमी होतात. ड्युअल एनर्जीचं (दोन वेगळ्या ऊर्जेचे किरण वापरणारं) मशीन असेल तर ११० ते १४० केईव्हीची मोनोएनर्जेटिक (एकाच ऊर्जेच्या किरणांनी काढल्यासारखी) चित्रं काढावीत. ऑटोमॅटिक एमएवर (मशीन आपोआप ठरवतं तो ट्यूबचा करंट) लक्ष ठेवायचं. खुब्यात सांधा बसवलेला असेल तर मशीन तिथे एमए उगाच चढवतं, त्याने धातूपलीकडचं काही दिसत नाही, डोस तेवढा वाढतो. म्हणून कमाल एमएची मर्यादा आधी घालून ठेवावी.

रिकन्स्ट्रक्शनमध्ये, म्हणजे चित्र तयार करताना, मऊ कर्नल (चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर) आणि मेटल आर्टिफॅक्ट रिडक्शनची (धातूच्या रेघा कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सीरिज. पण मूळ सीरिज कधीही काढून टाकायची नाही, दोन्ही पाठवायच्या आणि नावात स्पष्ट लिहायचं. ते सॉफ्टवेअर धातूच्या कडेला नसलेली काळी जागा तयार करतं, ती हवेसारखी किंवा प्लेट सैल झाल्यासारखी दिसते. मूळ चित्र शेजारी नसेल तर रिपोर्टिंग करणारा फसतो. साध्या स्केलमध्ये एचयू (सीटीतला घनतेचा आकडा) ३०७१ ला अडकतो, त्यामुळे सगळा धातू एकसारखा पांढरा दिसतो. एक्स्टेंडेड स्केल लावून विंडो (पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात दाखवायच्या आकड्यांची व्याप्ती) रुंद केली की तुकड्याची खरी कड दिसते. तीन मिलिमीटरचा स्प्लिंटर अरुंद विंडोत पाचचा वाटतो, म्हणून मोजमाप रुंद विंडोतच घ्यायचं. स्कॅनचं कारण काहीही असो, डोळ्याजवळ, कण्याच्या नळीत किंवा मोठ्या रक्तवाहिनीला लागून तुकडा दिसला तर तो रेडिऑलॉजिस्टच्या नजरेस आणून द्यावा. बॉम्बच्या कवचाचे तुकडे बहुधा पोलादाचे असतात. या माणसाला पुढे कधी एमआरआय सांगितला तर आजचं चित्र त्याला वाचवेल. तुकडा चुंबकाला ओढला जाणारा आहे की नाही, हे मात्र सीटीवरून ठरवता येत नाही.

टेबलावर पेशंट गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मधोमध यायला हवा. पाठीत बाक असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उशी देऊन झोपवलं की छाती वर जाते. स्काउटच्या वेळी ट्यूब वर असेल आणि माणूस उंच झोपलेला असेल, तर तो स्काउटवर आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि मशीन त्या हिशोबाने जास्त एमए देतं. बाजूची लेझर रेघ काखेच्या मध्यावर आली की नाही, हे दर वेळी बघायचं. एक पाय नसेल तर कंबर त्या बाजूला फिरते, तिकडे फोमची उशी देऊन सरळ करावी. खांदा आखडलेला असेल, हात डोक्यावर जात नसेल, तर तो अंगालगत ठेवू नये. पोटावर उशी ठेवून त्यावर हात ठेवला तर यकृतावरच्या रेघा पुष्कळ कमी होतात.

तोफखान्यातल्या माणसांचे कान गेलेले असतात, आणि जातात ते बहुधा वरच्या पट्टीचे स्वर. त्यामुळे ओरडून काही होत नाही. समोर उभं राहून, मास्क खाली करून, खालच्या पट्टीत, सावकाश बोलावं. मशीनमधली रेकॉर्ड केलेली सूचना बदलून मराठीत आणि हिंदीत आपल्याच माणसाच्या आवाजात भरून ठेवावी : श्वास घ्या, रोखा, सोडा. मग दोनदा तालीम. गॅन्ट्रीवर श्वासाचे दिवे असतील तर ते दाखवावेत. श्रवणयंत्र डोक्याच्या स्कॅनला काढावं लागतं, पण छाती-पोटाच्या स्कॅनला कानातच राहू द्यावं. गॅन्ट्री फिरायला लागली की घरघर होते, हेही आधी सांगावं. स्फोट जवळून अनुभवलेला माणूस अचानक आवाजाने दचकतो.

पॅराप्लेजिक पेशंटला व्हीलचेअरवरून ओढत घेऊ नये. स्लाइड बोर्ड आणि चादर घेऊन चौघांनी उचलावं, कारण त्वचा घासली तरी त्याला कळत नाही आणि तिथेच बेडसोर होतो. माकडहाडाखाली जेल पॅड ठेवावं. युरिन बॅग आधी रिकामी करावी, पोटावर ठेवू नये, आणि टेबल शेवटपर्यंत आत-बाहेर नेऊन नळी ताणली जात नाही ना हे बघावं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर दुमडलेल्या नळीमुळे भरलेलं मूत्राशय जिवावर बेतू शकतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अचानक ठणकणारं डोकं, लाल चेहरा, इजेच्या वरच्या भागात घाम, आणि चढलेलं बीपी. या पेशंटचं वरचं बीपी एरवी ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० दिसलं तरी ते त्याच्यासाठी खूप आहे. स्कॅन थांबवायचा, लगेच उठवून बसवायचं, नळी मोकळी करायची, कपडे सैल करायचे आणि डॉक्टरांना हाक मारायची. पेल्व्हिसच्या स्कॅनसाठी मूत्राशय भरलेलं हवं म्हणून कॅथेटर क्लॅम्प करायची (लघवीची नळी चिमट्याने बंद करायची) पद्धत असते, ती या पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मशीनच्या बाजूने एवढंच : सकाळचा ट्यूब वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन (रिकाम्या मशीनवर डिटेक्टर जुळवणं) घाईत टाळलं की दुपारी डोक्याच्या स्कॅनमध्ये गोल कड्या दिसतात. पाण्याच्या फँटमचा (मशीन तपासायच्या पाणी भरलेल्या डब्याचा) एचयू आकडा ० च्या ४ वर-खाली एवढ्यातच हवा. पुण्याच्या पावसाळ्यात खोलीतली दमट हवा वाढते, तेव्हा एसीबरोबर डीह्युमिडिफायरही चालू ठेवावा.

स्कॅन झाल्यावर कॅन्युला लगेच काढू नये, अर्धा तास बसवून ठेवावं. रिअ‍ॅक्शन आली तर शीर हाताशी असते. टेबल पूर्ण खाली आणून, दोन मिनिटं बसवून मगच पाय चढवायला द्यावा. आत घालायचा मोजा आणि पाय दोन्ही त्याच्या हातात द्यावेत, आपण चढवायला जाऊ नये. पट्टा किती आवळायचा हे त्यालाच माहीत असतं. सीडी देताना आतली सीरिज उघडतेय का ते एकदा बघून द्यावी. स्वारगेटहून गाडी पकडून गावी गेलेल्या माणसाला रिकाम्या सीडीसाठी पुन्हा यायला लावू नये.