श्रीमंतांवरचा कर आणि स्विस मतदाराचा नकार

३० नोव्हेंबर २०२५ ला स्वित्झर्लंडच्या मतदारांपुढे वरकरणी अगदी सोपा प्रश्न होता. वारसाने किंवा बक्षीस म्हणून मिळणाऱ्या संपत्तीत पहिल्या ५ कोटी फ्रँकना सूट, त्यावरच्या रकमेवर ५० टक्के केंद्रीय कर, आणि तो पैसा हवामान बदलाच्या कामांसाठी. ५ कोटी फ्रँक म्हणजे पाचशे कोटींहून जास्त रुपये. झळ बसणार होती मूठभर घराण्यांना. तरी ७८ टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली आणि २६ पैकी एकाही कॅन्टनने (म्हणजे तिथल्या राज्याने) होकार दिला नाही.

एवढ्यावरून स्विस माणूस श्रीमंतांची तळी उचलतो असं म्हणायचं असेल, तर मागची काही वर्षं चाळून बघा. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपन्यांना करसवलती देणारा कायदा याच मतदारांनी ५९ टक्क्यांनी फेटाळला. सप्टेंबर २०२० मध्ये मुलांसाठीची करवजावट वाढवायचा प्रस्ताव आला. त्याचा मोठा फायदा जास्त पगारवाल्या घरांना होणार हे लोकांच्या लक्षात आलं आणि तोही पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपन्यांच्या भांडवल उभारणीवरचं मुद्रांक शुल्क रद्द करायला ६२ टक्क्यांहून जास्त लोक नाही म्हणाले. मे २०२५ मध्ये झुरिक कॅन्टनने कंपनी नफ्यावरचा दर ७ वरून ६ टक्क्यांवर आणू दिला नाही. थोडक्यात, श्रीमंतांकडून जास्त घ्या म्हटलं तरी नाही, त्यांना सूट द्या म्हटलं तरी बहुतेक वेळा नाहीच.

यामागचं एक कारण क्वचितच सांगितलं जातं. संपत्ती कर इथे स्वित्झर्लंडमध्ये आधीपासून आहे, आणि तो दरवर्षी भरावा लागतो. भारताने २०१५ च्या अर्थसंकल्पात तो गुंडाळला, इथे प्रत्येक कॅन्टन तो घेतो. ३१ डिसेंबरला तुमच्याकडे जे असेल ते सगळं मोजायचं: बँकेतली शिल्लक, शेअर, सोनं, क्रिप्टो, घराचं सरकारी मूल्य. त्यातून कर्ज वजा करायचं. झुरिकमध्ये वरच्या टप्प्याचा मूळ दर हजाराला ३ फ्रँक आहे. त्याला कॅन्टनचा आणि गावाचा असे दोन गुणक लागतात, म्हणजे मूळ कराच्या किती टक्के घ्यायचं ते आकडे. झुरिक शहराचा गुणक ११९ टक्के आहे. तलावाकाठच्या रुश्लिकोनसारख्या धनिक गावांचा ८० च्या आत असतो. एकाच कॅन्टनमध्ये दहा मिनिटांच्या रेल्वे अंतरावर कर एवढा बदलतो.

याच्या बदल्यात सामान्य गुंतवणूकदाराला शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. माझ्या मते इथल्या करव्यवस्थेतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच. २०२१ चा ‘९९ टक्के’ प्रस्ताव तिथेच बोट ठेवत होता: भांडवलातून येणारं ठरावीक मर्यादेवरचं उत्पन्न दीडपट धरून त्यावर कर लावायचा. पण ती मर्यादा किती, हे प्रस्तावाच्या मजकुरात नव्हतंच. एक लाख फ्रँक हा आकडा मांडणाऱ्यांच्या प्रचारात होता, घटनेत जाणार होतं ते एवढंच की रक्कम कायद्याने ठरेल. मग विरोधकांचं काम सोपं झालं. शेत विकणारा शेतकरी आणि छोटा कारखाना मुलाच्या नावावर करणारा बाप यांच्या गळ्याला फास बसणार, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. प्रस्ताव ६४.९ टक्क्यांनी आपटला.

२०१५ चा वारसा कर तर त्याहून सौम्य होता. २० लाख फ्रँकच्या वर २० टक्के, आणि त्यातला मोठा हिस्सा वृद्धांच्या पेन्शनला. तो बुडाला एका कलमामुळे: १ जानेवारी २०१२ पासून दिलेली बक्षिसंही हिशेबात धरायची. मतदान व्हायच्या साडेतीन वर्षं आधी, २०११ च्या डिसेंबरात, घरं मुलांच्या नावावर करायला नोटरींकडे रीघ लागली होती. कर आलाच नाही, पण आई-बाप हयात असताना घरं मुलांच्या नावे होऊन बसली. पूर्वलक्षी कलमाचा धसका लोकांनी घेतला तो तेव्हापासून. २०२५ च्या वेळीही रेल्वेगाड्या बनवणाऱ्या श्टाडलर रेलचे पेटर श्पूलर यांनी देश सोडण्याची भाषा केली, ती अशाच कलमावरून.

उलट टोकाचाही एक किस्सा आहे. ओबवाल्डन हा छोटा डोंगराळ कॅन्टन. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने अशी रचना मंजूर केली की एका मर्यादेनंतर उत्पन्न वाढेल तसा कराचा दर कमी होत जाईल. बाहेरचे कोट्यधीश यावेत हा हेतू उघड होता. जून २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कारण घटनेच्या १२७ व्या कलमात ऐपतीप्रमाणे कर हे तत्त्व लिहिलेलं आहे. ओबवाल्डनने मग सगळ्यांना एकच दर लावला. म्हणजे न्याय्य कर कोणता, याचा शेवटचा शब्द दर वेळी मतपेटीचा नसतो.

हा सगळा वाद खऱ्या अर्थाने बघायचा असेल तर डिसेंबरातली गावची सभा गाठावी. मोठ्या गावांत नगरपरिषद असते, पण छोट्या गावांत अजून ग्रामसभाच अंदाजपत्रक आणि कराचा गुणक ठरवते. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडलेल्या असतात. मतदानाचा हक्क नसलेल्यांना वेगळी रांग, म्हणजे हात मोजताना घोटाळा नको. गुणक दोन टक्क्यांनी वाढवायचा का, यावर तासभर चर्चा होते. पोहण्याच्या तलावाचं छप्पर, नवा शिक्षक, म्हाताऱ्यांच्या घरी जाणारी नर्स, सगळं आकड्यांत निघतं. मग हात वर, मोजणी, निकाल. सभेत श्रीमंत-गरीब असे शब्द फारसे ऐकू येत नाहीत. गावातल्या एकदोन बड्या करदात्यांनी घर बदललं तर बाकीच्यांचा गुणक किती चढेल, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. देशपातळीवरचा नकार बराचसा इथून येतो.

आपण परदेशी लोक त्या वेगळ्या रांगेतले. जूरा आणि नशातेलसारखे कॅन्टन सोडले तर कॅन्टनच्या मतदानातही परदेशी नागरिकाला जागा नाही, आणि देशाच्या मतदानात तर कुठेच नाही. कर मात्र पुरेपूर. नव्याने आलेल्यांना वाटतं, पगारातून कर कापला की सुटलो. बी परवाना (परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना) असेल आणि वार्षिक पगार १,२०,००० फ्रँकच्या वर असेल तर पूर्ण विवरणपत्र भरावंच लागतं. त्याखाली पगार असून इतर करपात्र संपत्ती असेल तरीही. पुण्यातली मुदत ठेव इथल्या संपत्ती करात येते, रुपयाचा ३१ डिसेंबरचा अधिकृत दर लावून. पुण्यातल्या फ्लॅटवर इथे कर नाही, पण तो दाखवायचा, कारण बाकीच्या संपत्तीचा दर त्यामुळे वर सरकतो. शिवाय इथल्या कर्जाचा काही हिस्सा त्या फ्लॅटच्या खात्यात टाकला जातो, आणि वजावट तेवढी घटते.

भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात खात्यांची माहिती २०१९ पासून आपोआप जाते-येते. राहून गेलेलं खातं स्वतःहून कळवलं तर आयुष्यात एकदा दंड माफ होतो, पण दहा वर्षांपर्यंतचा मागचा कर व्याजासह भरावा लागतो. खातं करखात्याला आधीच कळलेलं असेल तर ही सवलत मिळत नाही.

आणि स्वस्त गुणकाचं गाव शोधून तिथे राहायला जाणाऱ्यांसाठी: पगारातून कापला जाणारा कर कॅन्टनच्या सरासरी गुणकाने काढलेला असतो. गावाचा फायदा हवा तर ३१ मार्चच्या आत विवरणपत्र भरण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि एकदा दिला की पुढे दरवर्षी विवरणपत्र भरावंच लागतं, मग पुढच्या घराचा गुणक कितीही चढा असो.