टेकू, खिडक्या आणि १५ जून

मार्चच्या १० तारखेला शाळेचे सचिव साइटवर आले. "साहेब, १५ जूनला वरच्या वर्गांत पोरं बसतील ना?" मी म्हणालो, "बसतील की." संध्याकाळी खोलीवर हिशेब मांडला, तर तारीख निघाली २९ जून.

काम तसं छोटंच. साताऱ्याजवळच्या एका गावातली शाळा. तळमजला जुना, त्यावर चार वर्ग आणि व्हरांडा. कॉलम भरून झाले होते, स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा टेकूंवरचा तात्पुरता साचा, लागायचं होतं. वेळेत काम संपवायचं तर १२ जूनपर्यंत झाडलोट व्हायला हवी होती, म्हणजे १७ दिवस वाचवायचे.

ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: माणसं वाढवू. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून सहा गवंडी आणि आठ बिगारी उतरले. पण वर गवंड्याला कामच नव्हतं, काम होतं सेंटरिंगवाल्यांचं. मग आलेल्यांना कंपाउंडच्या भिंतीवर लावलं. साइट गजबजली, सचिव खूश. चार दिवसांत भिंत कमरेएवढी वर आली. माझी तारीख मात्र २९ जूनवरच.

क्रिटिकल पाथ, म्हणजे कुठली कामं शेवटची तारीख ठरवतात ते काढायची पद्धत, डिप्लोमाला मार्कांपुरता केला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यांसाठी ही पद्धत निघाली, एवढं आठवत होतं. वापरायची वेळ कधी आली नव्हती. त्या रात्री जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर सगळी कामं एकामागून एक जोडली आणि सगळ्यात लांब साखळी काढली. सेंटरिंग-सळई १८ दिवस, स्लॅब १, टेकू निघेपर्यंत २१, वीटकाम १४, आतला गिलावा १४, खिडक्या बनून यायला २१, बसवायला ४, रंग १२, लाइट आणि साफसफाई ६. एकूण १११. यातलं काहीही एक दिवस लांबलं की शाळा एक दिवस लांबली. कंपाउंडला मात्र दीड महिन्याचा फ्लोट होता, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी तारीख हलणार नव्हती. चौदा माणसांची चार दिवसांची मजुरी आम्ही नेमकी तिथे घातली होती.

आणखी एक गोष्ट तेव्हा दिसली. या १११ पैकी ४२ दिवस साइटवर कुणी हातही हलवणार नव्हतं. २१ दिवस काँक्रीटची वाट पाहायची, २१ दिवस खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरची. तिथे माणसं वाढवून काय करणार?

सेंटरिंग पैशाने सुटलं. दुसरी टोळी आणली, जास्तीच्या प्लेटा भाड्याने घेतल्या, १८ चे १२ दिवस झाले. पुस्तकात याला क्रॅशिंग म्हणतात.

टेकूंचं तसं नव्हतं. मुकादम मामा म्हणाले, "साहेब, आठ दिवसांत सगळं खोलतो, काय होत नाही." खाली शाळा भरते, वर माझी सही. आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, काढून बसलो. सगळ्याला सरसकट २१ दिवस लागत नाहीत, हे मी सवयीने विसरलो होतो. ओपीसी म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि पाणी नीट मारलं असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी आणि त्यापुढच्या बीमचे २१ दिवसांनी. आमचे वर्गावरून जाणारे आडवे बीम ६.४ मीटरचे, पण त्यांच्याखाली भिंतच नव्हती. भिंती होत्या कडेच्या बीमखाली, आणि ते ३.२ मीटरचे. म्हणजे वीटकाम १४ व्या दिवशी सुरू करता येत होतं, सात दिवस वाचत होते. आरसीसी डिझायनरला विचारलं. त्यांनी ७ दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या ताकदीचा, रिझल्ट मागितला, तो पाहून होकार दिला.

आडव्या बीमखालच्या प्रत्येक टेकूला मी स्वतः गेरूचा पट्टा मारला. तरी नवव्या दिवशी एक पट्ट्याचा टेकू परांचीला आधार म्हणून बाहेर उभा दिसला. परत लावेपर्यंत मी तिथून हललो नाही, आणि त्या दिवशी मामांशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्लॅबवर वाफे करून दहा दिवस पाणी ठेवलं, उन्हाळा होता. त्यातला एक दिवसही कापला नाही.

खिडक्यांचं दुखणं वेगळं. फॅब्रिकेटर गिलावा झाल्यावर माप घेतो, मग अॅल्युमिनियम कापतो. मी गावातल्या वेल्डरकडून लोखंडी अँगलची एक चौकट करून घेतली आणि सोळाही खिडक्या त्याच मापाच्या ठरवून वीटकाम सुरू झालं त्याच दिवशी ऑर्डर दिली. गिलाव्याच्या वेळी ती चौकट भोकात धरायची आणि तिला लागून कडा मारायच्या. फॅब्रिकेटर म्हणाला, "माप चुकलं तर माझ्याकडे यायचं नाही." कबूल केलं. शेवटी दोन ठिकाणी गिलावा जाड झाला, खिडकी आत जाईना, छिन्नीने कडा फोडून पुन्हा मारल्या. अर्ध्या दिवसाचं काम.

मला वाटलं, २१ दिवस सुटले. सुटले ११. खिडक्या साखळीतून बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी दहा दिवसांची फरशी येऊन बसली. आधी ती खिडक्यांच्या आडोशाला आरामात होत होती, म्हणून दिसलीच नव्हती. त्यानंतर दर सोमवारी मी साखळी नव्याने काढू लागलो.

सहा, सात आणि अकरा मिळून चोवीस. नवी तारीख ५ जून. सचिवांना मी १२ जूनच सांगितली. बरं केलं. गिलावा चालू असताना गवंड्यांच्या गावची यात्रा आली, चार दिवस गेले. यात्रेला जाऊ नका म्हणायची माझी काय टाप! मे महिन्यात वळवाने लाइट घालवली, टाइल कटर दोन दिवस बंद. ११ जूनला संध्याकाळी किल्ल्या दिल्या.

कंपाउंडची भिंत मार्चमध्ये सोडली तशीच कमरेएवढी होती, गेटही बसलं नव्हतं. शाळा भरली त्या दिवशी पोरांच्या मागोमाग दोन शेळ्या आत आल्या आणि जिना चढून थेट व्हरांड्यात गेल्या. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जुलैत करतो."