मागच्या बाकावर बसून मी काय करते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या कळव्याच्या शाळेतली पालकसभा असो की ठाण्यातल्या गणित शिक्षकांची बैठक, कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमचे तास कमी केलेत म्हणे. मग दुसऱ्यांच्या वर्गात मागे बसून करता काय?"

माझ्याकडे आठवी आणि दहावीचं गणित आहे. उरलेल्या तासिकांत मी गणिताच्याच इतर शिक्षकांबरोबर काम करते. संचमान्यतेत, म्हणजे सरकारने शाळेला मंजूर केलेल्या पदांच्या यादीत, असं पद नाही, आमच्या संस्थेने आपल्यापुरती ही सोय केली आहे. पर्यवेक्षक आहेतच, पण ते टाचण (पाठाची लेखी तयारी) तपासतात, लॉगबुकात शेरा मारतात. त्यामुळे मागे कुणी येऊन बसलं की शिक्षकाचा जीव टांगणीला लागतो आणि त्या दिवशी तो ठेवणीतला पाठ काढतो. म्हणून मी मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घेतलं, की मी वर्गात पाहिलेलं काहीही गोपनीय अहवालात जाणार नाही. ही अट मोडली तर या कामात काही राम उरणार नाही.

परवाचंच सांगते. गणिताच्या एका सरांच्या वर्गात मी मागे बसले होते. सरांनी फळ्यावर लिहिलं, −३ − ५. अर्धा वर्ग ओरडला, "आठ!" सर म्हणाले, "उणे आठ," आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले. माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "पण उणे उणे अधिक ना?" नियम तिला चोख पाठ होता, फक्त तो गुणाकाराचा होता. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि ऑफ तासाला सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "हे मला पुढे उभं राहून ऐकूच येत नाही हो." मग दोघांनी मिळून एवढंच ठरवलं: प्रश्न विचारल्यावर थांबायचं आणि उत्तर बरोबर असो वा चूक, "कसं काढलंस?" हे विचारायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकातच दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात, कारणं देतात. भरलेल्या वर्गात तीन सेकंद फार मोठे वाटतात, करून बघा! दुसऱ्या दिवशी सर माझ्या वर्गात येऊन बसले, मी किती थांबते ते मोजायला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरतं. प्रशिक्षणं होतात, दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्सही आपण शिक्षक करतो. पण त्या मुलीचं "उणे उणे अधिक" तिथे कुणाच्या कानावर पडणार?

इंग्लंडमध्ये १९९८ साली कुशल शिक्षकांसाठी असं खास पद काढलं होतं. त्यांनी आठवड्यातला साधारण एक दिवस इतर शाळांतल्या शिक्षकांसाठी द्यायचा आणि उरलेले दिवस स्वतःचे वर्ग घ्यायचे. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. मीही उद्या त्याच आठवीपुढे उभी राहणार आहे, म्हणून तर सर माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. खडू सोडलेल्या माणसाचा सल्ला स्टाफरूममध्ये कुणी मनावर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

घणसोलीच्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, सुरुवात कुठून करू? मी म्हटलं, जूनच्या वेळापत्रकात एका विषयाच्या दोन शिक्षकांचा ऑफ तास एकाच वेळी बसवा, आणि काही झालं तरी त्या तासाला त्यांना प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या बदली तास, लावू नका.